जनुकांची मुखत्यारी

सजीवाची घडण आपल्या इच्छेप्रमाणे बदलण्याची कल्पना आधुनिक कादंबरीत अवतरली, तेव्हा तिच्या हाती शस्त्रवैद्याची सुरी होती. एच. जी. वेल्स यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' या कादंबरीतला शास्त्रज्ञ दूरच्या एका बेटावर पशूंची चिरफाड करून त्यांना मनुष्यरूप देऊ पाहतो. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे संशोधन त्या काळी विस्मृतीत पडलेले होते, आणि मोरोचा अंमलही त्याच्या बेटापुरताच होता.

बेटावरची ही कल्पना समाजाच्या मध्यभागी आणली ती जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी. १९२३ साली केंब्रिज येथे दिलेल्या आणि पुढे 'डीडॅलस' या नावाने छापलेल्या व्याख्यानात, मातेच्या उदराबाहेर वाढलेले पहिले मूल १९५१ साली जन्मास येईल, असे भाकीत त्यांनी केले. या भाकिताला दहा वर्षेही लोटली नव्हती, तोच १९३२ साली आल्डस हक्सली यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये एका बीजापासून शहाण्णव भ्रूण निपजवणारा आणि कनिष्ठ वर्गासाठी नेमलेल्या भ्रूणांचा प्राणवायू हेतुपुरस्सर कमी करणारा सरकारी कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यात जनुकाला कोणी हात लावीत नाही, कारण डीएनएची रचना उलगडण्यास आणखी एकवीस वर्षांचा अवकाश होता. तरीही ते पुस्तक आज जुने वाटत नाही, याचे कारण हक्सली यांनी तंत्र नव्हे तर कारभार ओळखला होता: कोणी जन्मावे आणि कोणत्या कामासाठी जन्मावे, हे एखाद्या दफ्तरात ठरू लागले तर माणसाचे काय उरेल, हा त्यांचा प्रश्न होता.

शास्त्र या प्रश्नाच्या दाराशी आले ते १९७३ साली, जेव्हा स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात घालून तेथे कार्यान्वित करून दाखवले. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांनी एकत्र जमून आपल्याच प्रयोगांवर निर्बंध घालून घेतले, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात विरळा म्हटली पाहिजे. १९८२ साली जीवाणूंकडून करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनच्या विक्रीस अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि कालचे कल्पित औषधाच्या दुकानात येऊन बसले. तेव्हा कादंबरीनेही आपल्या भयाचा विषय बदलला. मायकेल क्रायटन यांच्या 'जुरासिक पार्क'मध्ये (१९९०) जनुकांची मुखत्यारी व्यक्तीकडेही नाही, शासनाकडेही नाही. ती एका व्यापारी कंपनीकडे आहे.

जनुकातील नेमके अक्षर गाठणारे क्रिस्पर हे साधन २०१२ साली सिद्ध झाले. अवघ्या सहा वर्षांत हे च्यान्क्वै या चिनी संशोधकाने भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या दोन जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, जगभर धिक्कार झाला, आणि २०१९ साली चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा ठोठावली. एका माणसाने गुप्तपणे घेतलेला हा अधिकार मोरोचाच होता.

परंतु याच साधनाची दुसरी बाजू आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांशी थेट निगडित आहे. काही आनुवंशिक रक्तदोष मलेरियाग्रस्त प्रदेशांत टिकून राहतात, कारण ते वाहकाला मलेरियापासून अंशतः वाचवतात, असे अनुमान १९४९ साली मांडणारे हाल्डेनच होते. या पाड्यांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तदोषाच्या बाबतीत ते पुढे खरे ठरले. पुढे भारताचे नागरिक होऊन १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तलेल्या या शास्त्रज्ञाच्या अनुमानातील त्या दोषावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, क्रिस्परने साधलेल्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. रुग्णाच्याच मज्जापेशी बाहेर काढून, जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांत पुन्हा सुरू करणाऱ्या या उपचाराची अमेरिकेतील किंमत मात्र बावीस लाख डॉलर ठेवली गेली.

म्हणून कादंबरीकारांनी शतकभर विचारलेला प्रश्न आता आपला झाला आहे. भावी पिढ्यांत उतरणारे जनुकबदल आपल्या देशात निषिद्ध आहेत. तो निर्बंध अढळ राहावा. परंतु जिवंत रुग्णाची वेदना हरणारा उपचार धनिकांची मिरास होऊ नये, यासाठी संशोधनाला सार्वजनिक पैसा आणि रुग्णाला सरकारी इस्पितळात हक्काची तरतूद, या दोन्ही गोष्टी नागरिकांनी शासनाकडे आजच मागितल्या पाहिजेत.