घरी जा, हेही पाठवणेच आहे

वाचन : मार्क ५:१८-२०, मार्क ६:३०-३४, प्रेषितांची कृत्ये १४:२१-२८



तुम्ही नुकतेच सेवादौऱ्यावरून परतला असाल. कोणी हैदराबादहून ओडिशाला गेले असेल, कोणी वडोदऱ्याहून डांगला, कोणी पुण्याहून सातपुड्यात. दहा दिवस, पंधरा दिवस, फार तर महिना. बॅग अजून पूर्ण रिकामी झालेली नाही. कपड्यांना चुलीच्या धुराचा वास आहे. फोनमध्ये शेकडो फोटो आहेत आणि मनात बरेच काही साठले आहे, जे कोणाला कसे सांगावे ते कळत नाही.

घरात मात्र सगळे जसेच्या तसे आहे. गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा आहे, वीजबिल भरायचे आहे, सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे. घरचे विचारतात, "कसा झाला प्रवास?" तुम्ही सांगायला सुरुवात करता आणि दोन मिनिटांत विषय दुसरीकडे जातो. मग आत कुठेतरी राग येतो. तिथे देव किती जवळ होता आणि इथे हे काय चालले आहे, असे वाटू लागते.

या दिवसांविषयी आपण मंडळीत फार कमी बोलतो. जाण्याआधी प्रार्थना होते, तयारीचे वर्ग होतात, निघताना आशीर्वाद दिला जातो. परतल्यावर पाच मिनिटांची साक्ष होते आणि संपले. खरे तर दौऱ्याचा एक मोठा भाग घरी आल्यावरच सुरू होतो. आज त्याकडे शास्त्राच्या प्रकाशात पाहू या.

आधी विसावा घ्या

प्रभूने बारा जणांना दोघादोघांनी पाठवले होते. ते परत आले आणि त्यांनी जे केले, जे शिकवले ते सर्व त्याला सांगितले. त्यावर प्रभूने त्यांना लगेच दुसरे काम दिले नाही. माणसांची इतकी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती, असे मार्क लिहितो. म्हणून प्रभूने त्यांना एकांती चलून थोडा विसावा घेण्यास सांगितले.

इथला क्रम लक्षात घ्या. ते आधी प्रभूजवळ आले, मग त्यांनी त्याला सांगितले, मग विसावा. आपण बहुधा उलटे करतो. आधी फोटो टाकतो, मग सगळ्यांना सांगतो आणि प्रभूजवळ निवांत बसायचे राहूनच जाते.

थकवा हे अविश्वासाचे लक्षण नाही. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला एलीया दुसऱ्याच अध्यायात एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला रागे भरले नाही. दूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. नंतर वाट चालायला लावली. तेव्हा परतल्यावर पहिले काही दिवस नीट झोपा, वेळेवर जेवा, ताप वाटला तर डॉक्टरांकडे जा आणि कुठे गेला होता ते त्यांना सांगा. तिथे पाहिलेले दुःख आठवड्यांमागून आठवडे झोपू देत नसेल, तर ते एकट्याने वाहू नका. पाळकांशी बोला, गरज पडली तर समुपदेशकाचीही मदत घ्या.

सांगा, पण देवाने काय केले ते सांगा

पौल आणि बर्णबा यांचा पहिला प्रवास सोपा नव्हता. मार्क म्हटलेला योहान पिर्गा येथूनच परत फिरला. लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाला आणि मेला असे समजून लोकांनी त्याला शहराबाहेर ओढून टाकले. पुढे दर्बेला काम झाल्यावर डोंगर ओलांडून थेट पौलाच्या तार्स गावी जाणारा रस्ता होता. पण ते त्या वाटेने गेले नाहीत. ज्या गावांनी छळले, त्याच गावांतून ते परत आले, कारण तिथल्या नव्या शिष्यांना धीर द्यायचा होता. मग अत्तलियाहून तारवाने ते सूरियातील अंत्युखियास आले.

तिथे त्यांनी मंडळी जमवली आणि देवाने आपल्याबरोबर राहून काय काय केले ते सांगितले. ज्या मंडळीने उपास व प्रार्थना करून त्यांना पाठवले होते, तिला हिशेब देणे हे त्यांना आपले कर्तव्य वाटले. पण त्या हिशेबाचा कर्ता देव होता. "आम्ही किती चाललो, आम्ही किती सोसले" हा त्याचा मथळा नव्हता.

आपल्या साक्षीत "मी" किती वेळा येतो, हे एकदा मोजून पाहा. तिथला स्थानिक सेवक बाराही महिने त्याच पाड्यावर राहतो. पावसाळ्यात रस्ता बंद होतो तेव्हाही तो तिथेच असतो. आपले दहा दिवस त्याच्या कित्येक वर्षांच्या ओळखीवर उभे होते. साक्षीत त्याच्या कामाला आपल्यापेक्षा जास्त जागा मिळाली पाहिजे. आणि फोटो दाखवताना स्वतःला एक प्रश्न विचारा : या फोटोत माझे मूल असते, अंगावर फाटका सदरा आणि नाकाला शेंबूड असता, तर तो चारचौघांत दाखवलेला मला चालला असता का?

घरच्यांवर रागावू नका

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर दहा दिवसांच्या दौऱ्यावर गेलो होतो. वैद्यकीय शिबिराला मदत करायची, दुपारी मुलांना गोष्टी आणि गाणी शिकवायची, असे काम होते. एका आजारी म्हाताऱ्या बाबांना शिबिरापर्यंत आणायला रस्ता नव्हता. आम्ही दोघांनी आळीपाळीने त्यांना पाठीवर घेतले आणि उतारावरून खाली आणले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी आजही विसरलेलो नाही.

घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. आईने बादलीभर पाणी सांडले म्हणून तिला पाण्यावर प्रवचन दिले. रविवारी मंडळीत साक्षीला उभा राहिलो आणि नव्या ध्वनिक्षेपकावर खर्च केला म्हणून सगळ्यांना बोल लावले. मला वाटत होते, हा आत्म्याचा आवेश आहे.

आमच्या घरी बाबा अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणावर होते. त्यांचे सगळे ताई करायची. मी नोकरी, मंडळी आणि तरुण संघ यांत गुंतलेला. त्या रविवारी संध्याकाळी मी ताईला त्या म्हाताऱ्या बाबांची हकीकत रंगवून सांगत होतो. तिने सगळे ऐकून घेतले. मग बाबांच्या खाटेवरची ओली चादर ओढत म्हणाली, "चांगलं केलंस रे. आता जरा यांना कुशीवर वळवायला हात लाव."

मी हात लावला. मला बाबांना कसे धरायचे तेच माहीत नव्हते. ताईने दाखवले : एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आधी त्यांना सांगायचे, म्हणजे ते घाबरत नाहीत. डोंगरातल्या अनोळखी माणसाचे वजन मला ठाऊक होते. माझ्या बापाचे नव्हते.

ताईने आणखी काही म्हटले नाही. पण त्या रात्री मी मार्क ५ पुन्हा वाचला. गरसेकरांच्या प्रांतातल्या त्या मुक्त झालेल्या माणसाने प्रभूला विनवले की मला तुझ्याबरोबर येऊ दे. किती चांगली विनंती! पण प्रभूने ती मान्य केली नाही. त्याने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जायला सांगितले, आणि प्रभूने केवढी दया केली ते कळवायला सांगितले. ज्या घरच्यांनी त्याला साखळ्यांनी बांधलेले पाहिले होते, त्यांच्यासमोर आता त्याला शुद्धीवर राहून रोज जगायचे होते. तारवात बसून निघून जाणे त्यापेक्षा सोपे होते.

दूरच्या गावी प्रेम करणे काही अंशी सोपे असते, कारण तिथे आपण दहाच दिवस असतो. तिथे आपला स्वभाव कोणाला माहीत नसतो आणि आपल्याला परतीची तारीख माहीत असते. घरी परतीची तारीख नसते. म्हणून देवाने दौऱ्यात जे शिकवले ते खरोखर मुरले की नाही, हे घरीच कळते. घर हा सेवेतला खंड आहे असे समजू नका. ज्याने तिकडे पाठवले, तोच इकडे पाठवत आहे.

आपल्या मराठी मातीतले एक उदाहरण पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी त्यांनी स्वतःच्या आईवडिलांना दुष्काळातच गमावले होते, त्यामुळे ती भूक त्यांना परकी नव्हती. तिथून त्यांनी निराधार मुलींना सोबत आणले. प्रवास संपला, पण त्या मुलींचे जेवणखाण, कपडे, आजारपण, शिक्षण हे काम केडगावला पुढे रोजच्या रोज करावे लागले. १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या तेच करत राहिल्या. पाहिलेल्या दुःखाचे त्यांनी रोजच्या घरकामात रूपांतर केले.

दिलेला शब्द आठवा

निघताना पाड्यावरच्या एका मुलाने मला विचारले होते, "परत कधी येणार?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "लवकरच." त्या क्षणी मला ते खरेच वाटत होते. मग कामाचा व्याप वाढला. पुढच्या वर्षी तिथल्या सेवकाशी फोनवर बोललो, तेव्हा तो सहज म्हणाला, "तो पोरगा गाडीचा आवाज आला की अजून रस्त्यावर जातो."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी क्षमा मागितली, त्या मुलासाठी निरोप पाठवला आणि तेव्हापासून दर महिन्याला त्या सेवकाला फोन करतो. तरीही त्या मुलाची झालेली निराशा मी पुसू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो : भावनेच्या भरात "येऊ", "पाठवू", "करू" असे काय काय म्हणालात, ते आजच कागदावर लिहा. जे जमणार आहे त्याला तारीख घाला. जे जमणार नाही ते तिथल्या सेवकाला प्रामाणिकपणे कळवा. आपले होय हे होयच असावे, ही प्रभूची शिकवण लहान मुलाला दिलेल्या शब्दालाही लागू आहे.

पुढच्या चाळीस दिवसांसाठी

१. पहिल्या आठवड्यात एक सकाळ एकांतात प्रभूजवळ बसा. काय पाहिले, कशाने आनंद झाला, कशाने राग आला, ते सगळे त्याला सांगा.

२. घरच्यांना तुमची हकीकत सांगण्याआधी विचारा : "मी नव्हतो तेव्हा इथे काय झाले?" तुमच्या वाटचे काम कोणी केले ते जाणून घ्या आणि त्यांचे आभार माना.

३. घरातले एक काम, जे आजवर दुसरेच कोणी करत आले आहे, ते चाळीस दिवस स्वतःकडे घ्या. त्याचा गाजावाजा करू नका.

४. तिथल्या सेवकासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. महिन्याला थोडी का होईना, पण नियमित मदत पाठवा. पुढचा दौरा ठरवण्याआधी त्यालाच विचारा : "आमची खरी गरज कशासाठी आहे?"

५. सोबत गेलेल्या साथीदारांशी महिन्यातून एकदा भेटा किंवा बोला. परतल्यावर मतभेद झाले तर दचकू नका. पौल आणि बर्णबा यांच्यातही योहान मार्कावरून तीव्र वाद झाला आणि ते वेगळे झाले. पण पुढे त्याच मार्काला पौलाने सेवेसाठी उपयोगी म्हटले.

आणि दौऱ्यात फारसे काही घडले नाही असे वाटून तुम्ही रिकाम्या मनाने परतला असाल, तर लूक १० वाचा. सत्तर जण आपल्या यशाच्या आनंदात परतले, तेव्हा प्रभूने त्यांचा आनंद यशावरून काढून दुसरीकडे ठेवला : त्यांची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, यावर. तो आनंद यशस्वी दौऱ्याने वाढत नाही आणि फसलेल्या दौऱ्याने कमीही होत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हाला दूर नेलेस आणि सुखरूप परत आणलेस, म्हणून तुझे आभार मानतो. तिथे आम्ही जे प्रेम दाखवले ते घरच्यांना नाकारले असेल, तर आम्हाला क्षमा कर. आम्ही दिलेले आणि विसरलेले शब्द आम्हाला आठवून दे. जे तिथेच राहून राबत आहेत त्यांना बळ दे. आणि आज आमच्या घरात ज्याला आधाराची गरज आहे, त्याच्याजवळ आम्हाला पाठव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.