गोपुंचा चीन मराठीत का नाही?

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, येतं ते कापडामुळे. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. त्याच ग्रंथात चीनचं कच्चं रेशीम बॅक्ट्रियामार्गे त्याच भडोचला पोचतं. त्या देशातून माणसं मात्र क्वचितच येतात, अशी नोंद आहे. तेरचा आणि चीनचा माल एकाच बंदरात उतरत होता, पण चीनबद्दलची माहिती मात्र तुटपुंजीच राहिली. आजही पुण्यामुंबईपासून तेरपर्यंत चीनवरची मराठी चर्चा सीमातंटा आणि स्वस्त माल यांपलीकडे फारशी जात नाही.

गो. पु. देशपांडे यांच्यासारखा अभ्यासक आपल्याकडे होऊन गेला, म्हणून याची अधिक खंत वाटते. उभा महाराष्ट्र त्यांना नाटककार म्हणून ओळखतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर केलेलं काम मात्र चिनी राजकारणाच्या अभ्यासाचं होतं. सांस्कृतिक क्रांतीवरचं त्यांचं पुस्तक १९७१ साली आलं, चीनच्या आफ्रिकाविषयक धोरणावरचं १९८६ साली. १९६२च्या युद्धानंतर १९७६पर्यंत भारत आणि चीन यांनी एकमेकांकडे राजदूतच ठेवले नव्हते, आणि त्या युद्धाची जखम ताजी होती. अशा वेळी चीनकडे केवळ शत्रू म्हणून न बघता तिथला पक्ष आपसात कशावरून भांडतो, हे समजून घ्यायला बौद्धिक धैर्य लागतं. गोपु स्वतः डावे होते. त्या आपुलकीमुळे त्यांची चिकित्सा कुठे सौम्य झाली का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो वाद मराठीत व्हायचा कसा? ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत.

त्या अभ्यासाचा मराठीवर परिणाम झाला तो रंगभूमीच्या वाटेने, असं मला वाटतं. १९७४च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मध्ये एक डावा प्राध्यापक विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसतो. हे नाटक वाचताना मला सांस्कृतिक क्रांतीत जमावापुढे उभे केलेले चिनी प्राध्यापक आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन्हीकडची सत्ता वेगळी, आरोप उलटे. तरी माणसाच्या विचारांचीच झडती घेतली जाते तेव्हा काय होतं, हे गोपुंना नेमकं दिसलं होतं. नाटकातून प्रश्न पोचला. चीन कसा चालतो, हे सांगणं नाटकाचं काम नव्हतंच.

चीन कसा चालतो हे कळणं आज लागतं, आणि अगदी रोजच्या व्यवहारात लागतं. रेशीम उत्पादनात चीन जगात पहिला, भारत दुसरा. मराठवाड्यात तुती लावणाऱ्या शेतकऱ्याच्या कोषांच्या भावावर चिनी रेशमाच्या आयातीचा दाब येतो. आयात शुल्क दिल्लीत ठरतं. चीनमधलं उत्पादन आणि निर्यात यांमागे पक्ष, प्रांत आणि सरकारी बँका यांची गुंतागुंत असते. ‘चिनी मालावर बहिष्कार’ या घोषणेतून ती उलगडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गोपुंच्या चीनविषयक लेखनाचा टिपांसह मराठी अनुवाद व्हावा, आणि धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी तो वाचून गोपुंशी मतभेद मांडावेत, मराठीत आणि पुराव्यानिशी.