मॉर्फिन आणि सोनामुखी

कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की आपल्या घरांतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सवय तर लागणार नाही ना?" दुसरा मनातल्या मनात: "म्हणजे आता शेवटच आला का?" आणि जो विचारायलाच हवा, "पोट साफ व्हायला काय देताय?", तो राहून जातो. व्यसनाबद्दल आपण चारचौघांत तासभर बोलू; शौचाचा विषय निघाला की माना खाली.

अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांनी मळमळतं, गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, कुणाला खाज सुटते, कुणाची लघवी अडते. गुंगी बहुधा दोन-चार दिवसांत ओसरते, मळमळ आठवड्याभरात. या गोष्टी शरीर अंगवळणी पाडून घेतं. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेतो ठाण मांडून बसतं. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) मॉर्फिन काम करतं, तेच ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात. आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंदावते, मळ रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि त्याचे खडे होतात. जुने वैद्य जुलाब थांबवायला अफू देत, ते याच गुणावर. तेव्हाचा गुण आज दुष्परिणामांच्या यादीत जाऊन बसला आहे, इतकंच.

मग घरगुती उपाय सुरू होतात. पहिला मान इसबगोलाचा. पण इसबगोल मळाचं आकारमान वाढवतो; त्याला भरपूर पाणी लागतं आणि हलतं आतडं लागतं. इथे आतडं सुस्त आणि रुग्ण जेमतेम चार घोट पाणी पिणारा. अशा वेळी भुशीचा गोळा होऊन आणखी अडतं. म्हणून जाणते डॉक्टर मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखं, आतड्याला चालना देणारं औषध जोडीला देतात, कधी लॅक्टुलोजही. त्रास होईल तेव्हा बघू, असं म्हणत नाहीत.

याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. मळ घट्ट अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपू लागतं. घरच्यांना वाटतं, जुलाब लागले. मग सारक बंद होतं आणि औषधाच्या दुकानातून लोपेरामाइड येतं. लोपेरामाइड हेही अफूच्याच जातकुळीतलं, फक्त आतड्यापुरतं काम करणारं. म्हणजे अडलेल्या वाटेवर आणखी एक धोंडा. शेवटी रुग्ण स्वतःच मॉर्फिन नाकारतो. पोट तटतटण्यापेक्षा दुखलेलं परवडलं म्हणतो, आणि आपण समजतो की औषध त्याला मानवलं नाही.

व्यसनाची भीती खोटी आहे, असं कोण म्हणेल? मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवत, ते शहर आपलंच. अमेरिकेत 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा पुढे व्यसन लागत नसल्याचा पुरावा म्हणून वापर झाला. पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांपुरतं होतं. त्याच्या आधाराने अफूच्या कुळातल्या गोळ्या घरोघरी पोचल्या. ऑक्सीकाँटिन या अशाच गोळीची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याचा गुन्हा पर्ड्यू कंपनीने 2007 मध्ये कबूल केला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आपली कथा नेमकी उलटी. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, पण 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी तटबंदी उभारली की इथल्याच रुग्णांना मॉर्फिन दुर्मीळ झालं. वेदनाशमनासाठी झटणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर 2014 साली कायदा बदलला. नियम सैल झाले. घरातली भीती कायम राहिली.

गंमत अशी की मॉर्फिनला बिचकणारी हीच घरं गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल महिनोन्‌महिने बिनदिक्कत चालू ठेवतात. तेही त्याच घराण्यातलं. 2018 पासून तेही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. त्याने झटके येऊ शकतात, नैराश्याच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही आणि एकाएकी बंद केलं तर त्रास होतो.

भ्यायचंच असेल तर श्वासाला भ्या. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनचा धोका कमी असतो. वर झोपेची गोळी किंवा दारू पडली, मूत्रपिंडं थकलेली असली, की श्वास मंदावतो. हळूहळू सुटणारी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून दिली, तर बारा तासांचा डोस एकदम अंगात उतरतो. उठवूनही न उठणारी झोप, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, थांबत थांबत येणारा श्वास दिसला तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि चिठ्ठीवर मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल दिसलं तर खुर्चीतून उठण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सारक कोणतं, आधीच्या गोळ्यांपैकी कोणती बंद करायची, आणि हे औषध थांबवायचं झालं तर कमी कसं करत आणायचं. लाजू नका.