गावाच्या नावाने

एखाद्या गावचा फुटबॉल संघ त्या गावचा होतो तो कशामुळे? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. सदऱ्यावर गावाचे नाव, मैदान गावाचे, वर्गणी गावाची. आणखी काय हवे? परंतु हौशी क्रीडामंडळांचा इतिहास चाळू लागले की याच प्रश्नापाशी पाऊल अडखळते. आम्हांस तो केवळ खेळाचा प्रश्न वाटत नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांना जे स्थान खेड्यापाड्यांतून लाभले ते फुटबॉलला लाभले नाही. गावागावांतून रुजलेला फुटबॉल पाहायचा तर गोव्याकडे वळावे लागते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू १८८३ साली प्रकृतीला आराम पडावा म्हणून बार्देशातील शिवोली येथे आले आणि त्यांनी तेथील मुलांच्या पायांत हा चेंडू दिला, असे गोव्याच्या क्रीडा-इतिहासात सांगितले जाते. पुढे हडफड्याच्या सेंट जोसेफ विद्यालयातून हा खेळ पसरला. त्याला वेगळे क्रीडांगण लागले नाही. चर्चपुढचे पटांगण होते. भात कापून झाले की उघडी पडलेली शेते होती. गावागावांचे संघ निघाले, एकेका गावातही वाड्यावाड्यांचे निघाले. संघटनेची चौकट मागाहून आली. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ साली, पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस, स्थापन झाली. म्हणजे पाऊणशे वर्षे हा खेळ मुख्यतः शाळा, चर्चचे पटांगण आणि गावकऱ्यांची हौस यांवर तगला.

'हौशी' हा आपला शब्द मोठा लोभस आहे. त्यात आवड आहे, लाड आहे, थोडी उधळपट्टीही आहे. परंतु ज्या इंग्रजी कल्पनेसाठी तो आपण वापरतो, तिचा इतिहास तितका लोभस नाही. १८८४ साली लँकेशायरमधील प्रेस्टन संघाविरुद्ध लंडनच्या एका हौशी संघाने तक्रार केली, की हे लोक खेळाडूंना पैसे देतात. प्रेस्टनच्या चालकाने ते नाकारले नाही. संघाला स्पर्धेतून काढण्यात आले. पण उत्तरेकडचे गिरणीगावांतले संघ वेगळे होण्याची भाषा बोलू लागले, आणि १८८५ साली इंग्लंडच्या संघटनेला खेळाडूस मोबदला देणे मान्य करावे लागले. यात लोभाचा विजय झाला, असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला विनामोबदला खेळणे परवडते. गिरणीकामगार सामन्यासाठी कामावरून गेला की त्याची मजुरी बुडते. तेव्हा 'आम्ही पैशासाठी खेळत नाही' या उद्गारात त्यागाइतकीच सुबत्ताही असू शकते. निर्मळपणाचा अभिमान पुष्कळदा भरल्या पोटीच सुचतो.

म्हणून गावचा संघ हौशी आहे की धंदेवाईक, एवढ्यावरून त्याची नैतिक प्रत ठरवता येत नाही. जन्मावरूनही ठरवता येत नाही. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव केला. मोहन बागान हा उत्तर कलकत्त्याचा संघ. पण त्यातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. सारे अनवाणी खेळले, एकटे सुधीर चटर्जी बूट घालून. ते पेशाने शिक्षक आणि धर्माने ख्रिस्ती. (आपल्या वाचकांना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.) त्यांना उपरे कोणी म्हटले नाही. सारे शहर त्यांच्यामागे उभे राहिले.

मग पैसे देऊन बाहेरून आणलेला खेळाडू गावाच्या नावाने गोल करतो तेव्हा खटकते ते काय? येथे आपल्याकडचीच एक रीत पाहण्याजोगी आहे. जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. गाव वर्गणी काढते, इनाम जाहीर होते, परगावचे मल्ल येतात, कुस्ती मारतात आणि इनाम घेऊन जातात. यात कोणालाच वावगे वाटत नाही, आणि वाटूही नये. कारण मल्ल स्वतःच्या नावाने लढतो, फार तर आपल्या तालमीच्या व वस्तादाच्या नावाने. गाव यजमान असते. फुटबॉलमध्ये मात्र तो परका तरुण गावाचे नाव अंगावर चढवतो, आणि जिंकल्यावर गाव म्हणते, आम्ही जिंकलो. विकत घेतले जाते ते त्याचे कौशल्य नव्हे. 'आम्ही' हा शब्दच विकत घेतला जातो. सामना संपतो, तो तरुण पुढच्या गावी पुढचा सदरा चढवायला जातो. त्याचा दोष काहीच नाही, त्याने भाकरी मिळवली. प्रश्न आहे तो कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या त्या गावातल्या पोराचा, जो वर्षभर सरावाला आला आणि सामन्याच्या दिवशी टाळ्या वाजवायला उरला.

कोल्हापुरात हीच गोष्ट तालमींच्या रूपाने दिसते. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉलचे संघ उभारले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे शाहू स्टेडियमवर हजारोंना खेचून आणतात. तेथेही परगावचे, परदेशांतलेही खेळाडू आले. पेठेची निष्ठा कधीकधी हाणामारीपर्यंत गेली, हेही खरे. खेळाडू परका झाला तरी ईर्ष्या मात्र घरचीच राहिली, याचे आम्हांस नवल वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरेच्या काठी उभा राहिला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तेथे तत्त्व असे होते, की शेअर थोडे असोत वा फार, सभासदाचे मत एकच. गावच्या क्रीडामंडळाचा पायाही नेमका हाच असायला हवा. पण सभासद कोण? दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडील कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. खेळाचा खरा हंगाम हिवाळ्याचा, मैदाने कोरडी आणि हवा थंड असते तेव्हाचा. त्याच महिन्यांत ही पोरे उसाच्या फडात असतात. घरी राहिलेल्यांतून संघ निवडला जातो आणि त्याला गावाचा संघ म्हणतात. गावातल्या मुलींना तर कित्येक ठिकाणी मैदानाची कडही मिळत नाही. म्हणजे भाड्याचा एकही खेळाडू न आणता, एकही पैसा न देता, निम्मे गाव वगळून 'आम्ही' म्हणता येते! बाहेरच्याला आणल्याबद्दल आपण जितके बोलतो, त्याच्या शतांशानेही आतल्याला वगळल्याबद्दल बोलत नाही.

यावर कोणी म्हणेल, एका चेंडूच्या खेळावर एवढा भार का टाकता? ऊसतोडीचे दुःख मैदानावर मिटणार आहे काय? मिटणार नाही. पण क्रीडामंडळाची वार्षिक सभा ही खेड्यातल्या त्या थोड्या जागांपैकी एक आहे, जेथे तरुणांना कोणाला आपले म्हणायचे हे स्वतः ठरवता येते. स्पर्धेची तारीख ठरवणे हे त्यांच्या हातात असते. कारखान्यांचे पट्टे पडले, की उन्हाळ्यात फडावरची बिऱ्हाडे परततात. पाऊस अजून लांब असतो. तेव्हा ऊन कडक असते हे खरे, पण सकाळी साडेसहाला किंवा दिवस कलल्यावर दोन तास खेळता येते. काही मंडळांनी यंदा सामने तेव्हा ठेवून पाहावेत, आणि संघाची यादी ती बिऱ्हाडे घरी आल्यानंतरच फळ्यावर लावावी.