पू पुसणारे हात

"१९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोरांचं मांस टाका. आन् तू लोकांचा पू पुसत बसलीस?" चळवळीतला एक साथी मला म्हणाला. मी जळीत वॉर्डात नर्स आहे. त्याचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या धर्मानं सेवा शूद्राच्या गळ्यात जन्मासोबत बांधली, त्या धर्माला लाथ मारणाऱ्यांनी पुन्हा सेवा का करावी?

आधी काम काय ते ऐका. मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. पहिले दोन दिवस तिला रक्त मिळत नाही, खालून पाझरणाऱ्या रसावर ती तगते. मग रक्तवाहिन्या जुळतात. खाली रक्त साचलं, हात हलला, जंतू शिरले, की कातडी उचलली. सगळं फुकट. मान भाजली असेल तर उशी द्यायची नाही, नाहीतर हनुवटी छातीकडं ओढली जाते. बाई किंचाळत असते, तरी घाई न करता सलाइननं भिजवून भिजवून पट्टी सोडवायची. इथं नुसती दया पुरत नाही. शिक्षण लागतं.

ढोर ओढणं जन्मानं ठरायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी शिकले, पगार घेते, नाही म्हणू शकते. गुलामी पुवात नाही, सक्तीत आहे.

पण साथींनो, एवढ्यावर सुटका नाही. त्याच वॉर्डात बेडपॅन उचलणारी, रक्ताच्या चादरी गोळा करणारी मावशी कंत्राटावर आहे. हातमोजे संपले की आधी तिचे संपतात. तिला नाही म्हणता येतं का? आमचं काम विद्या झालं आणि तिचं काम घाणच राहिलं, तर वॉर्डात गावकुसच उभं आहे. तिला कायम नोकरी, हातमोजे, शिक्षण मिळालं पाहिजे. ही मागणी आपल्या मोर्चात असली पाहिजे.

अतिसारानं घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धानं आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं. बाकीचे भिक्खू त्याच्याकडं बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. माणूस कामाचा आहे का, हे बुद्धानं विचारलं नाही.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली स्किन बँक सुरू झाली. रोग्याची स्वतःची कातडी कमी पडली की मेलेल्या माणसानं दान केलेली कातडी लावतात. ती काही आठवडे जखम झाकते, मग शरीर ती टाकून देतं. सख्ख्या भावाची असली तरी टाकतं. शरीराला परकं कळतं, जात कळत नाही. जात कळते ती आपल्याला.

आता एक सवाल माझा. आपल्या घरात म्हातारा बाप अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याचं गू-मूत कोण काढतं? आई. बहीण. सून. आपण समतेच्या सभेला गेलेलो असतो. स्पर्शाची लढाई पाण्यापाशी सुरू झाली. ती त्या अंथरुणापाशीही लढायची आहे, आणि तिथं पोरांचेच हात लागणार आहेत.