अग्नीला हरकत नाही, नदीला आहे

बेळगावकडचा माणूस पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतो. त्यात ‘रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी’ असे नसेल, तर गेलेल्याला बहुधा पुरले आहे हे न सांगता कळते. आमच्या कडोलीत मराठ्याचे मयत सरणावर जाते, लिंगायताचे बसवून पुरतात, आणि दोन्हीकडे जाणारी माणसे ‘मातीला जाऊन आलो’ असेच सांगतात. तेव्हा पुरणे हा परका, किरिस्तावी रिवाज असे इथे कोणी म्हणू लागला, तर त्याने आधी शेजारचे घर बघावे.

आता उलटा प्रश्न. कॅथलिकाला अग्नी दिला तर चालतो का? 1963 पासून चालतो. त्याआधी 1886 मध्ये रोमने दहनाला मनाई केली होती. तेव्हा युरोपात फ्रीमेसन आणि चर्चविरोधी मंडळी दहनाचा प्रचार करीत होती, मेलेला पुन्हा उठत नाही हे ठासून सांगण्यासाठी. भांडण पुनरुत्थानाचे होते, चिता त्यात सापडली. 1983 च्या धर्मसंहितेनेही दफनाची शिफारस कायम ठेवली, पण श्रद्धा नाकारण्यासाठी केलेले नसेल तर दहनाला आडकाठी ठेवली नाही. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. ते प्रोटेस्टंट, रोमचा हुकूम त्यांना लागू नव्हता. तरी ख्रिस्ताकडे जाताना आपल्या माणसांची रीत टाकावी लागत नाही, हे त्यांच्या चितेने दाखवले असे मी मानतो.

खरी अडचण राखेची आहे. 2016 साली रोमने बजावले की राख हवेत, जमिनीवर, पाण्यात सोडायची नाही, घरात ठेवायची नाही, नातलगांत वाटायची नाही. ती पवित्र जागीच ठेवायची. 2023 मध्ये थोडी सवलत मिळाली, ती इतकीच की किंचित राख मृताच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवता येईल. आमची रीत याच्या अगदी उलट. राख सावडली की नदीत सोडायची. हल्ली काही घरे ती शेतात खड्डा काढून घालतात आणि वर आंब्याचे रोप लावतात. मला ते फार आवडते. तरीही रोमचा मुद्दा मला खोडता येत नाही. दफनभूमीसाठीचे कोकणीतले ‘सिमितेर’ पोर्तुगीजातून आले, त्याचे मूळ ग्रीक, आणि अर्थ निजण्याची जागा. निजलेल्याचे नाव आणि ठिकाण कुठेतरी असावे लागते. नाहीतर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मेणबत्ती लावायची कुठे?

पण कबर तरी कुठे कायमची असते? मुंबई-गोव्यात जागा पुरत नाही म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात आणि हाडे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. माती वर्षानुवर्षे जे करते ते अग्नी काही तासांत करतो, एवढाच फरक. ज्या कोनाड्यात हाडे मावतात त्यात राख का मावू नये?

करोनात हा प्रश्न दारातच येऊन उभा राहिला. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने करोनाने गेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. सक्ती कोणालाच पचली नसती. त्याच वर्षी जुलैत केरळात आलप्पुझाच्या बिशपांनी स्वतःहून परवानगी दिली. चर्चच्याच दफनभूमीत दहन झाले, आणि राख प्रार्थनेसह तिथेच पुरली. अग्नी आणि माती, दोन्ही एकाच आवारात.

बेळगावचा धर्मप्रांत 1953 चा. त्याच्या पॅरिशांना एका शेजाऱ्याची विनंती आहे: दफनभूमीच्या कुंपणाला लागून राखेच्या कोनाड्यांची एक भिंत आताच बांधून ठेवा, आणि प्रत्येक कोनाड्यावर नावापुरती जागा सोडा.