सोन्याचे मांजर आणि पोंभुर्ण्याची बकरी

हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हा धाक मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. धाक म्हणून तो कामाचा असेलही, पण हिशेब म्हणून तपासला तर गफलत दिसते. मांजर मेले आपल्या गल्लीत, सोने पोचले काशीत. ज्याच्या चुलीशी ते मांजर निजत होते त्याला ना कोणी सांगायला आले, ना कोणी काही दिले. मारणारा मोकळा झाला, दान घेणारा खूश झाला आणि ज्याचे गेले तो ताटलीत दूध ओतून वाट बघत राहिला. गाडीखाली पाळीव जनावर आले तर काय करावे, यावर आज जो गदारोळ चालतो तो ऐकताना हे सोन्याचे मांजर हटकून आठवते. दोन तट पडले आहेत. एकाच्या मते चालकावर गुन्हा नोंदलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, मुद्दाम केले नाही ना, मग गाडी थांबवायची तरी कशाला? पहिल्याची काशी पोलीस ठाण्यात आहे, दुसऱ्याने काशीच रद्द करून टाकली आहे. ज्याचे जनावर गेले त्याच्या दारापर्यंत दोघांपैकी कोणीच जात नाही.

या वादात दोन्ही तट ज्याचा आधार घेतात किंवा ज्यावर चिडतात, तो मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल २० डिसेंबर २०२२चा आहे. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीपुढे मरीन ड्राइव्हवर एक भटका कुत्रा आला. कुत्रा मेला, मुलगाही पडून जखमी झाला. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या व्यक्तीने तक्रार केली आणि पोलिसांनी भरधाव वाहन चालवण्यापासून प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यापर्यंत मिळतील ती कलमे त्या मुलावर लावली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने गुन्हा रद्द केला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली २७९ आणि ३३७ ही कलमे माणसाच्या जिवाविषयी आणि माणसाला झालेल्या दुखापतीविषयी होती. जनावराच्या नुकसानीच्या ४२९व्या कलमाला हेतू लागत असे. कुत्रामांजर पाळणाऱ्याला लेकरासारखे वाटले तरी ते माणूस नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. वर सरकारला २० हजार रुपये त्या मुलाला द्यायला लावले आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. निकाल योग्यच होता. पोटासाठी दुचाकी हाकणाऱ्या पोराला ज्या कृतीत हेतूच नव्हता तिच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणे ही प्राणीदया नसून सुखवस्तू मनाने गरिबावर काढलेला राग आहे.

माणूस आणि जनावर यांत फरक केला की आपल्या संस्कृतीचा अपमान झाल्यासारखे ज्यांना वाटते, त्यांनी ही संस्कृती एकदा जवळून पाहावी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांच्या हत्येला शूद्रहत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. याला मांजराचा गौरव म्हणायचे की शूद्राची किंमत? ज्या भूमीत माणसाला कावळ्याच्या पंगतीत बसवले गेले, तिथे न्यायालय ‘माणूस तो माणूस’ एवढे साधे विधान करते तेव्हा त्यात मला तुच्छतेपेक्षा शहाणपण अधिक दिसते. जनावराचे मोल वाढवण्यासाठी माणसाशी त्याची बरोबरी लावण्याची गरज नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, तो जरूर वाढवावा. पण तो क्रौर्यासाठी. अपघाताला क्रौर्य म्हटले की खऱ्या क्रौर्यासाठी शब्द उरत नाही.

इथवर पहिल्या तटाचा समाचार घेतला आणि खरे तर इथेच थांबता आले असते. पण हाच निकाल मरीन ड्राइव्हवरून उचलून चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर ठेवून पाहिला की आपली भूमिका तितकी ठाम राहत नाही. मुंबईतला तो कुत्रा कोणाचाच नव्हता. धानाच्या या पट्ट्यात रस्त्यावर जे जनावर दिसते ते बहुतेक वेळा कोणाचे तरी असते. ‘पाळीव’ या शब्दाचा अर्थ इथे गळ्यात पट्टा आणि नावाचा वाढदिवस असा नाही. बकरी म्हणजे पोरीच्या शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, पेरणीच्या तोंडावर मोडायची ठेव. कोंबडी म्हणजे आठवडी बाजाराचा किराणा. कुत्रा म्हणजे जागलीचा जोडीदार. रानडुकरे धानात शिरली की मचाणावरच्या माणसाआधी तोच उठतो. दिवस कलताना गुरांचे गोहन गावाकडे वळते, डांबरावर धूळ उठते, एक कालवड मागे रेंगाळते आणि वळणावरून गाडी येते. पुढचे काही क्षण अपघाताचे असतात, त्याला कोणाचा इलाज नाही. त्यानंतरची पाच मिनिटे मात्र पूर्णपणे चालकाच्या हातात असतात. न्यायालयाने निकाल दिला तो त्या क्षणांबद्दल, आपण तो या पाच मिनिटांनाही लावून मोकळे झालो.

याच तालुक्यातली बकरी वाघाने नेली तर काय होते पाहा. धन्याने ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचे, मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नाही. मग वनरक्षक येतो, पशुवैद्यकाचा दाखला होतो, पंचनामा होतो. २०२२ साली वाढवलेल्या दरांनुसार बकरीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, गायबैलासाठी ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती मिळते. पैसे उशिरा येतात, खेटे घालावे लागतात, सगळे खरे. तरी वाघाच्या वतीने सरकार उत्तर द्यायला उभे राहते. तीच बकरी बोलेरोखाली आली तर ना पंचनामा, ना दाखला, ना दर. वाघ थांबून नाव सांगू शकत नाही, म्हणून त्याची बाजू सरकारने घेतली हे समजते. पण बोलेरोवाल्याला तोंड आहे, खिशात परवाना आहे, गाडीचा विमाही आहे, आणि तोच सगळ्यांत मोकळा! जंगलच्या जनावराकडून आपण जेवढी जबाबदारी वसूल करतो तेवढीही शिकल्यासवरल्या चालकाकडून करत नाही.

कायद्यात सोय नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमानुसार अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाने पोलिसांना माहिती द्यायची. पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि कसेही करून २४ तासांत कळवायचे. पाळलेले जनावर कायद्याच्या भाषेत मालमत्ताच असते. पण याच कायद्याने विम्याच्या संदर्भात मालमत्तेत काय काय येते याची यादी दिली आहे. तीत पूल, मोऱ्या, झाडे, खांब आणि मैलाचे दगड आहेत, बकरी नाही. यादी अपुरी म्हणून बकरी बाहेर राहते असे नाही, पण मैलाचा दगड नावानिशी आत आहे आणि बकरीला अर्थ लावून आत घ्यावे लागते. ब्रिटनच्या १९८८च्या रस्ता वाहतूक कायद्याने हे नीट केले आहे. घोडा, गुरे, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा यांतले काही धडकेत सापडले तर थांबायचे आणि विचारणाऱ्याला नावपत्ता द्यायचा. तसे झाले नाही तर २४ तासांत पोलिसांना कळवायचे. मांजराला तिथेही जागा नाही. तिथल्या मांजरांनी आपल्या काशीवर भरवसा ठेवावा! विनोद सोडला तर त्या कायद्याचे मर्म एवढेच आहे की तो अपघाताबद्दल चालकाला गुन्हेगार म्हणत नाही, फक्त पत्ता मागतो.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यांत वजनदार आक्षेप: थांबलो तर लोक मारतील. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. १३४व्या कलमानेही जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यातून जमावाच्या क्षोभाचा अपवाद केला आहे, म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही आपला समाज ठाऊक होता. आणि गाय मेली असेल तर आजकाल आधी चालकाचे नाव विचारले जाते आणि नावावरून पुढचे ठरते, हेही लपवण्यात अर्थ नाही. जीव धोक्यात असेल तर निघावे, पण निघून जायचे ठिकाण पोलीस ठाणे असावे, घर नव्हे. आक्षेपाचा दुसरा भाग पैशाचा आहे. गाडीखाली आलेली प्रत्येक बकरी गाभणच निघते आणि प्रत्येक कोंबडी अंड्यावर बसलेली असते, असे चालक कुत्सितपणे म्हणतात. असेलही. पण हा भाव फुगतो कसा? नऊ गाड्या न थांबता गेल्या, दहावी थांबली, तर गाव दहांचा हिशेब त्या एकाकडून चुकता करून घेते. पळणारे जितके अधिक, थांबणाऱ्याला तितके महाग. उपाय पळण्यात नाही, दर ठरवण्यात आहे. आणि वाघाच्या निमित्ताने सरकारने तो ठरवून ठेवलाच आहे. पोलीस पाटील किंवा सरपंचाला बोलवावे, वाघाच्या बकरीचा दर गाडीच्या बकरीला लावावा, दोन ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गाभण आहे की नाही हे डॉक्टर सांगेल.

दुसरा आक्षेप असा, की जनावर रस्त्यावर मोकळे सोडले ही धन्याचीच चूक. चूक खरीच. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट जनावरे हटवण्याचे आदेश दिले, तेही याच काळजीतून. पण मोकाटपणाला कारणे आहेत. सकाळी आखरावर जमलेली गुरे ढोरकी, म्हणजे गावचा गुराखी, चरायला नेत असे आणि कोणते जनावर कोणाचे हे त्याला डोळे मिटूनही सांगता येई. ढोरकीचे पोट त्या कामावर भरेना, तशी ती व्यवस्था विरत गेली. या गुराख्यांच्या गोवारी समाजाचे नाव राज्याला नीट कळले ते २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात त्यांच्या मोर्चात ११४ माणसे चेंगरून मेल्यावर. २०१५च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हातारा बैलही विकता येईना. खायला घालणे परवडेना, तसा तो रस्त्यावर आला. तरी धन्याची चूक अर्धी धरू, वाटल्यास बारा आणे धरू. त्यामुळे भरपाई कमी होईल. थांबण्याचे कर्तव्य कमी होत नाही. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याने एका लॉरीचालकाचे उदाहरण दिले आहे. काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येते. लोक त्याची समजूत घालतात आणि घालावीच. पण समजूत घालण्याची गरजच न पडता तो चटकन सावरला, तर त्याच लोकांना तो माणूस खटकतो. दोष नसतानाही ‘हे माझ्या हातून झाले’ हे वाक्य उरते. ते वाक्य कोणापुढे तरी उच्चारायला हवे.

उरतो सगळ्यांत कठीण प्रश्न: जनावर मेलेले नाही, तडफडत आहे. इथे गांधींना बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. १९२६मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी साठ कुत्री मारवली आणि अहिंसावादी गुजरात खवळला. गांधींनी साराभाईंची बाजू घेतली. मोकाट कुत्री हे समाजाच्या दयेचे लक्षण नसून आळसाचे आहे, ज्याला दया करायची त्याने कुत्रा पाळावा, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या भटक्या कुत्र्यांच्या वादात दोन्ही बाजू गांधींना टाळतात ते उगीच नाही. दोन वर्षांनी साबरमती आश्रमातले एक वासरू असह्य वेदनेत होते, उपाय संपले होते, कुशीवर वळवणेही शक्य नव्हते. गांधींनी डॉक्टर बोलावून इंजेक्शन देववले आणि ती जबाबदारी जाहीरपणे आपल्यावर घेतली. टीकेचा पाऊस पडला. पण त्याच लेखनात पुढे त्यांनी शेताची नासधूस करणाऱ्या वानरांचा विषय काढला आणि वानरे मारावी लागली तर ती हिंसाच असेल, तिला अहिंसेचे नाव देणार नाही, असे मान्य केले. कसोटी एकच: मृत्यू कोणाच्या सोयीसाठी? वासराची सुटका वासरासाठी होती, वानरांचा मृत्यू माणसासाठी. रस्त्यावर ही कसोटी फार झोंबते. तडफडणाऱ्या कुत्र्यावरून पुन्हा चाक घालणारा ‘त्याला सोडवले’ म्हणतो, तेव्हा बहुधा तो स्वतःला त्या आवाजापासून सोडवत असतो. आशा न उरलेल्या जनावराला वेदनेतून सोडवण्याची वाट १९६०च्या कायद्यातही आहे, पण तिथे निर्णय दंडाधिकारी, पोलीस अधिकारी आणि पशुवैद्यक यांच्याकडे आहे, जॅकच्या दांड्याकडे नाही. आपले काम त्याआधीचे. गाडी कडेला घ्यावी, मागून येणाऱ्यांना इशारा द्यावा. घाबरलेला कुत्रा धन्यालाही चावतो, म्हणून तोंडावर दुपट्टा बांधून मगच गोणपाटावर किंवा फळीवर सरकवावे. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यावी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवावे किंवा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात कळवावे.

आणि धनी शोधावा. गायबैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडे असतात आणि त्या आकड्यांपाशी धन्याची नोंद असते. ढोरकी गेला, पण पत्ता जनावराच्या कानातच लोंबतो आहे. वाकून वाचायचा तेवढा. बकरीला, कोंबडीला बिल्ला नसला तरी पोंभुर्ण्यासारख्या गावात पहिल्या पानठेल्यावर विचारले तरी पुरते. सरकारला एकच मागणे आहे: मोटार वाहन कायद्यातल्या झाडाच्या आणि मैलाच्या दगडाच्या रांगेत ‘पाळीव जनावर’ हे दोन शब्द घाला. आणि वाचकाला एवढेच सांगायचे आहे, की काशी लांब आहे. गाडी थांबवा, खाली उतरा आणि विचारा, ‘बकरी कोणाची?’